न्यूट्रिनोमुळे द्राक्षं जळत नाहीत

निफाड-पिंपळगावच्या द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: झारखंडच्या जादुगुडा खाणीत डार्क मॅटर, म्हणजे विश्वातलं न दिसणारं द्रव्य, शोधायचा प्रयोग आहे; त्यातून न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण सुटतात, त्याने घड जळतात. मी याच क्षेत्रात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करतो. अशा प्रयोगातले डिटेक्टर, म्हणजे शोधक उपकरणं, आलेला कण टिपण्यासाठी असतात, सोडण्यासाठी नाही. 555 मीटर खोल जायचं ते वरच्या खडकाने अवकाशातून येणारे वैश्विक किरण अडवावेत म्हणून. नाहीतर त्या गोंगाटात हवा तो संकेत सापडणारच नाही.

आणि न्यूट्रिनो? सूर्याकडूनच दर सेकंदाला प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून सुमारे 6,500 कोटी जातात. माणसातून, वेलीतून, रात्री तर अख्खी पृथ्वी भेदून! ते इतके अलिप्त, की 1965 साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत वातावरणातले न्यूट्रिनो टिपले तेव्हाही हाती मोजकेच लागले.

घड खरंच खराब होत असतील तर भुरी, करपा, डाऊनी हे रोग तपासा. तो मेसेज पुढे ढकलू नका. ढकलला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.