वरची हवा खालच्या हवेची वाट पाहत नाही

विज्ञान प्रदर्शनाची तारीख लागली की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो: 'विमान कसे उडते? प्रकल्पासाठी तयार माहिती.' यंदा तो माझ्या ताईकडे आला. भाची साताऱ्यात तिसरीत शिकते आणि तिने प्रकल्पासाठी विषय घेतला होता 'उडणं'. ताईने मेसेज मला पाठवला आणि म्हणाली, "एवढं लिहून देते तिला, तू फक्त चित्र काढून दे." मी वाचला आणि चित्र काढायचं थांबलो. त्या मेसेजमध्ये चार मुद्दे आहेत आणि चारही मुलांच्या हाती देण्यासारखे नाहीत.

पहिला मुद्दा असा: पंखाची वरची बाजू फुगीर असते, म्हणून वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता पडतो. वरची आणि खालची हवा पंखाच्या मागच्या कडेला एकाच वेळी पोचायला हवी, म्हणून वरची हवा वेगाने धावते, तिचा दाब कमी होतो आणि विमान उचललं जातं.

यातलं 'एकाच वेळी पोचायला हवी' हे कुणी ठरवलं? पंखाच्या पुढच्या कडेशी दुभंगलेल्या हवेला पुन्हा भेटायचं काहीही बंधन नाही. वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे आत पंख्याने वारा सोडलेल्या बंदिस्त नळीत, धुराचे झोत सोडून हे डोळ्यांनी पाहता येतं. केंब्रिज विद्यापीठातले संशोधक होल्गर बाबिन्स्की यांनी २००३ मध्ये तसे फोटो देऊन हा गैरसमज खोडला होता. वरचा धूर खालच्या धुराच्या बराच आधी मागे पोचतो. म्हणजे वरची हवा वेगाने जाते हे खरं, पण मेसेज सांगतो त्या कारणाने नाही आणि तेवढ्याच वेगाने तर नाहीच.

हिशोब करून बघा. सेस्ना १७२ हे चार आसनी विमान पूर्ण भरल्यावर साधारण १,१११ किलोचं होतं. पंखांचं क्षेत्रफळ १६.२ चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला जवळजवळ ६९ किलो पेलायचे. वरचा रस्ता २ टक्के लांब धरा, विमानाचा वेग ताशी २१६ किलोमीटर धरा आणि मेसेजच्याच नियमाने वरच्या हवेचा वेग २ टक्क्यांनी वाढवून बर्नोलीचं समीकरण, म्हणजे हवेचा वेग वाढला की दाब किती घटतो ते सांगणारं सूत्र, मांडा. दर चौरस मीटरला उचल मिळते जेमतेम ९ किलोची. एवढ्यावर ते विमान जमीन सोडणार नाही.

तिसरीतल्या मुलीला हा हिशोब नको, तिला पतंग पुरतो. पतंगाचा कागद एकच, वरून गेलं काय नि खालून गेलं काय, अंतर तेवढंच. तरी तो उडतो. वहीच्या पानाचं विमान उडतं. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वारा आदळून वर चढतो, तिथे घार पंख न हलवता तरंगत राहते. तिच्या पंखाचा पिसांचा भाग इतका पातळ असतो की वरची आणि खालची लांबी जवळपास सारखीच भरते. विमानं उलटी होऊनही उडतात, तेव्हा तर फुगीर बाजू जमिनीकडे असते.

मग खरं काय? पंख थोडा तिरका असतो किंवा बाकदार असतो आणि समोरून येणाऱ्या हवेला खाली वळवतो. हवा खाली ढकलली की पंख वर ढकलला जातो. हवा अशी वळताना पंखाच्या वर दाब कमी होतो आणि खाली जास्त राहतो, म्हणून बर्नोलीही चुकीचा नाही. एकच घटना दोन बाजूंनी सांगता येते, एवढंच. सज्जनगडावरून ठोसेघरच्या पुढे गेलं की चाळकेवाडीच्या पवनचक्क्या लागतात. त्यांची पातीसुद्धा पंखच आहेत: वाऱ्याला वळवतात आणि त्या बदल्यात स्वतः फिरतात. भाचीला मी टेबलफॅनपासून हातभर लांब उभं केलं, पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरायला दिला आणि पुढची कड किंचित उचलायला सांगितली. "मामा, वर ओढतोय!" हे तिला कुणी पाठ करून दिलं नव्हतं.

दुसरा मुद्दा पुराव्याचा: कागदाची पट्टी ओठांशी धरा, वरून फुंकर मारा, पट्टी उचलली जाते, म्हणजे वेगवान हवेचा दाब कमी असतो. पट्टी उचलली जाते हे खरं आहे. पण तीच पट्टी वरच्या टोकाला धरून सरळ खाली लोंबू द्या आणि एका बाजूने वरून खाली फुंका. वेगवान हवा म्हणजे आपोआप कमी दाब असता, तर पट्टी त्या बाजूला खेचली जायला हवी होती. ती जवळपास हलत नाही. तोंडातून सुटलेल्या फुंकरीचा दाब आजूबाजूच्या हवेएवढाच असतो. पहिल्या वेळी पट्टी वाकलेली होती, फुंकर त्या बाकाला धरून खाली वळली आणि म्हणून पट्टी वर आली. हे दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी दाखवले तर त्यातच सुंदर प्रकल्प होईल.

तिसरा मुद्दा तळपद्यांचा. शिवकर बापूजी तळपदे यांनी 'वैमानिकशास्त्र' या प्राचीन ग्रंथावरून विमान बांधून १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर उडवलं, असं मेसेज म्हणतो. या ग्रंथाचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. १९०४ नंतरच्या ग्रंथावरून १८९५ चं विमान बांधता येत नाही. राइट बंधूंचं १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं आणि साधारण ३६ मीटरचं होतं, आणि त्याचा फोटो आहे. मुलांना सांगण्यासारखं त्याच्याही आधीचं आहे: १८९९ मध्ये त्यांनी पंख पिळून विमान वळवण्याची कल्पना आधी पतंगावर तपासली आणि १९०१ मध्ये लाकडी पेटीचा वाऱ्याचा बोगदा करून दोनशेच्या आसपास पंखांचे आकार पारखले.

चौथा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला: 'पहिली ते चौथीच्या मुलांना हे समजत नाही, थर्माकोलचे मॉडेल तयार आणा आणि माहिती पाठ करून घ्या.'

आम्ही काय केलं ते सांगतो. एकाच घडीची तीन कागदी विमानं. एक मोकळं, एकाच्या नाकाला एक जेमक्लिप, एकाच्या नाकाला तीन. प्रत्येक पाच वेळा फेकायचं, फेकणारी तीच, जागा तीच, पंखा बंद. बदल एकाच गोष्टीत, बाकी सारं तसंच. हा नियम तिला दोनदा सांगावा लागला नाही. मी पुढे होऊन फेकायला गेलो तेव्हा तिनेच मला अडवलं, "तू फेकलंस तर वेगळं होईल ना!" टेपऐवजी तिने दोरा वापरला: विमान जिथे पडलं तिथपर्यंतचा दोरा तोडायचा. सरासरी तिला येत नाही. मग पाचही दोरे लहान-मोठे लावून मधला निवडायचा. मोकळं विमान नाक वर करून थबकलं आणि खाली आलं, तीन क्लिपांचं नाकावर आपटलं, एका क्लिपचं सगळ्यात लांब गेलं. तीन दोरे कार्डशीटवर चिकटवले, तोच तिचा तक्ता. ताई म्हणाली, अक्षर वेडंवाकडं आलंय, मी लिहू का? मी नको म्हटलं.

एक अडचण खरी आहे आणि ती ताईनेच काढली. परीक्षकांना मेसेजमधलंच उत्तर अपेक्षित असलं तर? कित्येक वर्षं ते पुस्तकांतूनही छापलं गेलंय, त्यामुळे तसं होऊ शकतं. म्हणून भाचीबरोबर टेबलावर एक सपाट पुठ्ठा, एक पतंग आणि छोटा पंखा ठेवलाय. "वरची हवा लांबून जाते म्हणून ना?" असं कुणी विचारलं, तर तिने पतंग पुढे करायचा आणि विचारायचं, "सर, यात लांबचा रस्ता कुठला?"