‘पोट्टं शेफारलं’ म्हणण्याआधी त्याची वही बघा

पंधरवड्यापासून तालुक्यातल्या गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. शहाणं पोर एकाएकी चिडखोर झालं, अभ्यास विसरलं, हातपाय झटकू लागलं, तर ते लाड, मोबाइल नाहीतर ‘बाहेरचं’. पाच अमावस्या अंगारा लावा, दोन रट्टे द्या, डॉक्टरकडे उपाय नाही, तो नुसता पैसा उकळतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, मला गप्प बसवत नाही.

लाडावलेलं पोर हट्ट करतं, पण शिकलेलं विसरत नाही. माझ्या सातवीतल्या एका पोराची मराठीची वही अजून डोळ्यांपुढे आहे. पोळ्यापर्यंत अक्षर रेघेवर नीट बसलेलं. दिवाळीनंतर तेच रेघ सोडून खाली घसरलेलं. वर्गमूळ काढणारं पोर बाराच्या पाढ्यात अडायचं, साध्या बोलण्यावर अंगावर धावून यायचं. मी त्याला बाकावर उभं केलं. ते आजही मनाला लागतं. निदान निघालं विल्सन नावाच्या आजाराचं. या आजारात तांबं यकृतात अन् मेंदूत साचतं. स्वभाव बिघडतो, अक्षर बिघडतं, लाळ गळते.

अन् डॉक्टरकडे उपाय नाही म्हणता? विल्सन वेळेत सापडला तर पेनिसिलामाइन, झिंक अशा औषधांनी आटोक्यात राहतो, मात्र गोळ्या जन्मभर. सख्ख्या भावंडालाही तो असण्याची शक्यता चारात एक, म्हणून त्यांचीही तपासणी हवी. पाच अमावस्यांत पाच महिने जातात, तोवर तांबं साचतच राहतं.

आता झटके. जेवताना दर थोड्या वेळाने मान लचकते, हातातला घास सांडतो. आजी म्हणते, कोणीतरी ढकलतंय. एसएसपीई नावाच्या मेंदूच्या आजारात असं होतं. गोवराचा विषाणू मेंदूत दडून राहतो अन् बहुधा 6 ते 10 वर्षांनी डोकं वर काढतो. त्यातही आधी अभ्यास अन् वागणं बिघडतं, झटके मागाहून येतात. तो पूर्ण बरा करणारं औषध नाही, हे मान्य. पण गोवराची लस आहे: पहिली 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी 16 ते 24 महिन्यांत. ‘माता आली’ म्हणत लस टाळणाऱ्या घरांनी एवढं तरी ऐका.

भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत, अंगणवाडीत येतं. पोर त्यांना दाखवा. पथक यायला वेळ असेल तर थेट जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात न्या. जाताना शाळा उघडली तेव्हाची वही अन् आताची, दोन्ही सोबत घ्या. झटके येत असतील तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा.