लँपपोस्टला हात लावून उभी राहिलेली माणसं

परवा रात्री 'ब्योमकेश बक्शी' या दूरदर्शनच्या जुन्या गुप्तहेर मालिकेतला 'रास्ते का काँटा' हा भाग परत पाहिला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाहीये. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून या, कारण पुढे मी खुनी कोण, खून कसा होतो, सगळं सांगणार आहे. ते लपवून ठेवलं तर मला जे म्हणायचंय ते म्हणताच येणार नाही.

कोलकात्यात भर रस्त्यात माणसं चालता चालता कोसळतायत. छातीत ग्रामोफोनची पिन घुसलेली. बंदुकीचा आवाज नाही, आसपास कुणी संशयित नाही, आणि पोलिसांना हत्यार कसलं हेच कळत नाही. त्याच सुमारास पेपरात एक छोटीशी जाहिरात नियमाने येत असते. वाटेतला काटा दूर करायचा असेल, तर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला अमुक दुकानाच्या कोपऱ्यावर लँपपोस्टला हात लावून उभे राहा. एवढंच. नाव नाही, पत्ता नाही.

आशुतोष मित्र नावाचे गृहस्थ नशिबाने वाचतात, कारण त्यांच्यावर झाडलेली पिन खिशातल्या घड्याळावर आपटते. ते ब्योमकेशकडे येतात आणि तिथून धागा उलगडत जातो. हत्यार म्हणजे सायकलची घंटी. घंटीच्या आत स्प्रिंग, स्प्रिंगवर पिन. समोरून येणारा सायकलवाला घंटी वाजवतो, माणूस पडतो, आणि सायकल पुढे निघून जाते.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी या युक्तीवरच फिदा झाले होते. आजही आहे. खुनाचा आवाज सगळ्या रस्त्याने ऐकलेला असतो आणि तरी तो कुणीच ऐकलेला नसतो. सकाळी पाववाल्याची सायकल आपल्या गल्लीतून घंटी वाजवत जाते, ती सांगा बरं आज किती वेळा ऐकलीत? घंटी वाजली की आपण बाजूला सरतो आणि विसरतो. शहरात राहायचं तर असे आवाज कानाआड करावेच लागतात, आणि खुनी नेमका या सवयीचा फायदा घेतो.

पण या वेळी मला घंटीपेक्षा ती जाहिरात जास्त छळतेय. पिन मारणारा प्रफुल्ल रॉय. पान खाणारा, गोड बोलणारा विम्याचा एजंट. त्याला मेलेल्यांशी काही देणंघेणं नाही, राग नाही, सूड नाही. त्याचा हा धंदा आहे. मग ज्यांनी त्याला गिऱ्हाइकी दिली ती माणसं कोण? मेलेले सगळे पैसेवाले, पोराबाळांचा पाश नसलेले. म्हणजे त्या लँपपोस्टला हात लावून उभे राहिले ते बहुधा त्यांचेच कुणी जवळचे. घरातून नीट कपडे करून निघालेले, सभ्य, चार लोकांत मान असलेले. घंटी वाजवणारा एकच होता, पण खुनी किती होते? शेवटी प्रफुल्ल रॉय पानातून विष घेऊन मरतो, आणि त्याच्याबरोबर ती सगळी गिऱ्हाइकं सुटतात. गोष्ट त्या वारसांच्या घरी परत जात नाही. माझ्या मते या भागाची खरी भीती तिथे आहे. म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही तो शिळा होत नाही.

हे कोलकात्यापुरतं आहे असं कुणी म्हणू नये. मूळ कथेत ते दुकान आहे व्हाइटअवे लेडलॉ. आपल्या फोर्टात, दादाभाई नौरोजी रोडवर, ज्या इमारतीत वर्षानुवर्षं खादी भांडार होतं ती मुळात याच कंपनीची. तिच्यावरून मी शेकडो वेळा गेले असेन. ती जाहिरात मुंबईच्या पेपरात आली असती तर त्या कोपऱ्यावर शनिवारी कुणीच उभं राहिलं नसतं? मी गिरगावात वाढले. चाळ रिडेव्हलपमेंटला निघाली की पागडीच्या दीडखणी खोलीसाठी सख्खी भावंडं बोलेनाशी होतात हे जवळून पाहिलंय. 'म्हातारी अजून किती दिवस काढणार' हे वाक्य जिन्यात, दबक्या आवाजात, मी स्वतः ऐकलंय. बोलणाऱ्याला कुणी खुनी म्हणणार नाही. पण लँपपोस्टपर्यंतची निम्मी वाट त्या वाक्यात चालून झालेली असते.

आणि ही कथा बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी लिहिली १९३२ साली! मालिकेत पहिला भाग 'सत्यान्वेषी' असला तरी ब्योमकेशची लिहून झालेली पहिली कथा हीच. आणखी एक गोष्ट, जी मराठी माणसाला ठाऊक असायलाच हवी. शरदिंदुबाबू १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईला आले, मालाडच्या त्या स्टुडिओत, आणि १९५२ मध्ये पुण्याला जाऊन राहिले. शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या मुलाच्या गोष्टी त्यांनी बंगाली पोरांसाठी लिहिल्या. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांमधला झुंजार जिथे घराघरांत वाचला जायचा त्या प्रांतात हा माणूस इतकी वर्षं राहिला आणि आपल्यात त्याची आठवणही कुणी काढत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मालिकेचे दिग्दर्शक बासू चटर्जी, त्यांच्याबद्दल तर किती लिहू! मुंबईत 'ब्लिट्झ' साप्ताहिकात व्यंगचित्रं काढणारा हा माणूस. १९८५ मध्ये प्रिया तेंडुलकरांना घेऊन 'रजनी' केली, १९९३ मध्ये 'ब्योमकेश'. साध्या माणसाच्या चेहऱ्यावर कॅमेरा किती वेळ ठेवायचा हे त्यांना बरोबर कळायचं. रजित कपूरचा ब्योमकेश समोरच्याचं ऐकतो. म्हणजे खरंच ऐकतो. आशुबाबूंना आपल्या खासगी आयुष्याबद्दल सांगताना लाज वाटतेय, शब्द अडतायत, आणि हा घाई करत नाही, डोळे वटारत नाही. के. के. रैनाचा अजितही तसाच, मित्राच्या हुशारीचा हेवा न करणारा. धोतर नेसलेली दोन माणसं चहा पितायत, बोलतायत, आणि मी जागची हलत नाही.

माझा लेक शेजारी बसला होता. म्हणाला, "आई, किती स्लो आहे गं हे!" मी त्याला बोलण्यापासून थांबवलं नाही, पण उठूनही जाऊ दिलं नाही. आता त्याला जे आवडतं त्यात दर दोन मिनिटांना ढॅण् करून संगीत वाजतं आणि एक चेहरा तीनदा जवळून दाखवतात, म्हणजे संशय कुणावर घ्यायचा हे आपल्याला ठरवावंच लागत नाही. इथे ठरवावं लागतं. कुणाचं वागणं खटकलं, कुठला आवाज आला, हे आपलं आपण टिपायचं. प्रेक्षकाला इतकं शहाणं समजणारी मालिका सरकारी चॅनेलवर फुकट दिसत होती, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली तेव्हा कितीतरी घरांत ती नव्याने पाहिली गेली.

एक तक्रार मात्र आहे आणि ती मी सोडणार नाही. आशुबाबूंच्या आयुष्यातली ती बाई. वकिलाशी संगनमत करणारी, लोभी, एवढीच ती आपल्यापर्यंत पोचते. लग्नाशिवाय एका श्रीमंत माणसाच्या आधाराने राहणाऱ्या बाईला त्या काळात उद्याची काय खात्री होती? तिच्या बाजूचं एक तरी दृश्य हवं होतं. कथेत नसेल, तरी बासुदांनी घालायला हवं होतं. तेवढी माया त्यांच्यात नक्की होती.

आता रविवारी याच मालिकेतला 'वसीयत' हा भाग बघणार आहे. तिथेही मृत्युपत्र, तिथेही वारस, आणि तिथेच ब्योमकेशची होणारी बायको सत्यवती पहिल्यांदा येते, म्हणजे आपल्या सुकन्या कुलकर्णी. त्यांच्यावर वेगळी पोस्ट लिहीन, दोन ओळींत भागवण्यासारखं ते काम नाही.