टॉर्टमध्ये पैकीच्या पैकी

टॉर्टचा, म्हणजे करार नसतानाही दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई मागायच्या कायद्याचा, पेपर पार करायचा असेल तर पहिली गोष्ट, मूळ पुस्तक उघडू नका. ते वाचलं की प्रश्न पडतात, आणि प्रश्न काढायचं काम परीक्षकाचं. सरळ आपल्या इंदूरचा खजुरी बाजार गाठा, कुंजी म्हणजे तयार उत्तरांचं गाइड घ्या, येताना पोहे-जिलेबी खा. निम्मा अभ्यास झाला.

उरलेला निम्मा म्हणजे गोगलगाय. १९२८ साली स्कॉटलंडातल्या पेझली गावी एका बाईंना मैत्रिणीने जिंजर बिअर पाजली आणि बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली, अशी त्यांची तक्रार. पैसे मैत्रिणीने दिलेले, म्हणजे बाईंचा कुणाशी करारच नाही. तरीही १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की कधी न पाहिलेल्या गिऱ्हाइकाचीही काळजी घेणं कारखानदाराचं कर्तव्य आहे. गोगलगाय बाटलीत खरंच होती का, हे मात्र कोर्टात कधी सिद्धच झालं नाही. प्रकरण आपसात मिटलं. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ते हेच असावं. पण उत्तरपत्रिकेत हे लिहू नका, तिथे फक्त साल मोजतात.

मग लॅटिन. ‘व्होलेंटी नॉन फिट इंज्युरिया’ म्हणजे आपखुशीने धोका पत्करला तर तक्रार नाही. उदाहरण म्हणून रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक द्या. डोळ्यात गुलाल गेला? गेलात कशाला? एकदा हात बसला की हेच तत्त्व खड्ड्यांना लावा. खड्डा रोज दिसतो, तरी त्याच रस्त्याने जाता, म्हणजे संमती आलीच. धोका माहीत असणं म्हणजे संमती नव्हे, असं पुस्तकात आहे म्हणे. पण ते आपण उघडलेलंच नाही.

सराफ्यातल्या मुलांनी कस्तुरीलाल खटला अवश्य करावा. १९४७ मध्ये मेरठच्या पोलिसांनी एका सराफाचं सोनं जप्त केलं, आणि हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पसार झाला. १९६५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, जप्ती हे सरकारचं सार्वभौम काम, सबब भरपाई नाही. हे वाचून राग आला तर तुम्ही अजून कुंजीच्या लायकीचे झाला नाहीत.

शेवटी भोपाळ. इंदूरपासून दोनशे किलोमीटरच्याही आत आहे, म्हणून ऑप्शनला टाकलं तरी चालतं. डिसेंबर १९८४ मध्ये तिथे वायू सुटला. वर्षभराने दिल्लीत एका कारखान्यातून ओलियम हे जहाल आम्ल गळलं, आणि त्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने नियम घालून दिला की घातक धंदा करणाऱ्याची जबाबदारी पूर्ण, कुठलीही सबब चालणार नाही. भोपाळचं मात्र १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोडीत मिटलं, त्या नियमावर दावा निकाली निघालाच नाही. पाच मार्कांची टीप येते. चार ओळी पुरतात. गोगलगायीला मात्र चार पानं द्या.

डिग्री हातात आली की लोकमान्यनगरातल्या एखाद्या मुंजीत कुणीतरी काका हमखास गाठतील. “वकीलसाहेब, शेजाऱ्याच्या टाकीचं पाणी आमच्या भिंतीत मुरतंय. काय करता येईल?” तुम्ही ताठ मानेने सांगा, “राइलँड्स विरुद्ध फ्लेचर, १८६८.” काका म्हणतील, “ते झालं, पण करू काय?”

“प्लंबर बोलवा, काका.”