ग्रंथपालाला चोर म्हणण्याआधी

वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. थोडक्यात तो असा: “गरीब देशांतली ग्रंथालयं कॉपीराइटचा कायदा सैल करा म्हणून मागे लागली आहेत. म्हणजे चोरीवर सरकारी शिक्का. यात लेखक उपाशी मरणार. श्रीमंत देशांनी लेखकाचा हक्क पाळला म्हणून ते पुढे गेले. पुस्तक परवडत नसेल तर वाचू नका.”

मी एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे, त्यामुळे हे जरा झोंबलं हे कबूल. आता एकेक वाक्य घेते.

पहिलं, चोरी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम उघडून पाहा. एखादं पुस्तक भारतात विकत मिळत नसेल, तर सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी त्याच्या जास्तीत जास्त तीन प्रती करता येतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, छापील प्रत संग्रहात असेल तर जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रतही ठेवता येते. ग्रंथालय नफ्यासाठी चालणारं नसावं, ही अट दोन्हीकडे आहेच. पान उलटलं की तुकडा हातात येतो अशी पुस्तकं आमच्या कपाटात आहेत. त्यांचे प्रकाशक केव्हाच बंद पडले, वारसांचा पत्ता नाही. परवानगी मागायची कुणाकडे? आपल्याला निदान कलमाचा आधार तरी आहे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेसाठी २००८ साली झालेल्या अभ्यासात १४९ देशांचे कायदे तपासले गेले, तेव्हा त्यांपैकी २१ देशांत ग्रंथालयांसाठी एकही सवलत सापडली नाही. ‘इफ्ला’सारख्या ग्रंथालय संघटना जिनिव्हात या संघटनेच्या बैठकांत भांडतात ते यासाठी: जतन, देवघेव आणि अभ्यासापुरती नक्कल यांना कायद्यात जागा असावी. अख्खी पुस्तकं छापून फुटपाथवर विकायची मुभा कुणी मागितलेली नाही.

दुसरं, उपाशी लेखक. इथे दिल्लीचा खटला सांगायलाच हवा. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठावर आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या झेरॉक्सच्या दुकानावर दावा लावला. दुकानाचा अपराध काय, तर नेमलेल्या पुस्तकांतल्या उताऱ्यांच्या प्रती काढून, त्या एकत्र बांधून विद्यार्थ्यांना विकल्या. आता मजा पाहा. ज्या लेखकांच्या नावाने हा कळवळा होता, त्यांच्यातल्याच अनेकांनी ‘दावा मागे घ्या’ म्हणून जाहीर पत्र काढलं. अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांना तशी विनंती केली. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नव्हे, असं त्यांनी निकालात स्वच्छ लिहिलं. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा सुनावणीला पाठवले खरे, पण शिकवण्याच्या ओघात गरजेपुरती नक्कल चालते हे तत्त्व कायम ठेवलं. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा सोडून दिला.

संशोधनाच्या नियतकालिकांची तर तऱ्हाच वेगळी. तिथे लेख लिहिणाऱ्याला मानधन द्यायची प्रथाच नाही, आणि लेख तपासून देणारे तज्ज्ञही सहसा फुकटच राबतात. वर्गणी मात्र अशी की ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं मिळवायला केंद्र सरकारने २०२४ साली तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. तीही सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांपुरती. गावच्या वाचनालयात बसून अभ्यास करणारी मुलगी त्यात कुठेच नाही. मग या पैशाने नेमका कोणता लेखक जेवतो?

एक मात्र मान्य. मराठीतलं नवं पुस्तक बाजारात येतं न येतं तोच त्याची पीडीएफ फिरू लागते, आणि हजार प्रतींच्या आवृत्तीवर तगून असलेला प्रकाशक त्यात खरोखर भरडला जातो. ती चोरीच आहे, आणि ५२ व्या कलमात तिला थारा नाही. माझ्याकडे हा मजकूर ज्या गटातून आला, त्याच गटात आदल्या आठवड्यात अशीच एक पीडीएफ आली होती. तिच्याखालीही टाळ्या होत्या.

तिसरं वाक्य इतिहासाचं आहे आणि ते सरळ चूक आहे. अमेरिकेने १८९१ पर्यंत परदेशी लेखकांना कॉपीराइट दिलाच नव्हता. इंग्लंडमधली पुस्तकं तिथे बिनदिक्कत छापली जात आणि स्वस्तात विकली जात. १८४२ च्या दौऱ्यात चार्ल्स डिकन्सने जाहीर भाषणांतून याबद्दल तक्रार केली, तर तिथल्या वृत्तपत्रांनी त्यालाच झोडपलं. एकमेकांच्या देशांतल्या लेखकांचा कॉपीराइट पाळायचा जो बर्न करार आहे, त्यात आपण १९२८ पासून आहोत, अमेरिका आली १९८९ साली. आणि दक्षिण आफ्रिकेच्या संसदेने २०१९ मध्ये ग्रंथालयांना आणि शिक्षणाला मोकळीक देणारं विधेयक मंजूर केलं, तेव्हा याच अमेरिकेने आपल्याकडच्या हक्कधारक उद्योगांच्या तक्रारीवरून त्या देशाच्या व्यापार सवलतींचा फेरविचार सुरू केला. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी विधेयक परत पाठवलं, २०२४ मध्ये ते पुन्हा मंजूर झालं आणि सहीऐवजी घटनात्मक न्यायालयाकडे गेलं.

राहिलं ‘परवडत नसेल तर वाचू नका’. दृष्टिहीन वाचकाला हे सांगून पाहा. पैसे मोजले तरी वाचता येईल अशा रूपात पुस्तक मिळायला तर हवं. दृष्टिहीनांच्या जागतिक संघटनेचा बरीच वर्षं दिला जाणारा अंदाज असा, की विकसनशील देशांत छापील पुस्तकांपैकी जेमतेम एक टक्का ब्रेल, ध्वनी किंवा मोठ्या अक्षरांत येतात. म्हणून २०१३ मध्ये दृष्टिहीनांसाठी अशा प्रती हक्कधारकाच्या परवानगीविना करू देणारा माराकेश करार झाला. २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, आणि २०१६ मध्ये तो अमलात आला. दक्षिण आफ्रिकेत मात्र वर्णभेदाच्या काळातला १९७८ चा कायदाच चालू होता. सप्टेंबर २०२२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो या बाबतीत घटनाबाह्य ठरवून अपवादाचं कलम त्यात स्वतःच घातलं. तोवर तिथे पुस्तक ब्रेलमध्ये आणायचं तर हक्कधारकाची परवानगी लागत होती, पुस्तकाचे पूर्ण पैसे मोजून झाल्यावरसुद्धा.