घागऱ्यांची खडखड

गोव्याच्या माणसाला परीक्षकांची भीती वाटण्याचे कारण नाही, इतक्या स्पर्धा तो जन्मापासून पाहत आलेला असतो. भजनाची स्पर्धा असते, आकाशकंदिलांची असते, चतुर्थीला माटोळीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर रानफळे टांगून केलेल्या छताची असते आणि दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या पुतळ्यांचीही असते. तिथे तर परीक्षकांना उजाडायच्या आत निकाल लावावाच लागतो, कारण पहाटे स्पर्धकच जाळून टाकायचे असतात. या अनुभवाच्या जोरावर, फोंडा तालुक्यातल्या आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्राने पुरस्कारासाठी प्रवेशिका पाठवायचे ठरवले तेव्हा अर्ज भरण्याचे काम मी आपण होऊन मागून घेतले.

केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालय २०११-१२ पासून राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कार देते आणि त्यात स्थानिक संस्कृतीसाठी वेगळा विभाग असतो. आम्ही अर्ज केला तो त्याच धर्तीवर चाललेल्या दुसऱ्या एका स्पर्धेसाठी, आणि पुढची हकिगत पाहता तिचे नाव न सांगितलेले बरे. कार्यक्रम होता माटोळीवरचा, अठ्ठावीस मिनिटांचा. सत्तरी ओलांडलेल्या आमच्या शेजारच्या काकींनी त्यात कांगलां कुठे मिळतात, कवंडळ कसे ओळखावे, केवणीच्या सालीचा दोर कसा काढावा हे सारे सांगितले होते, आणि शेवटी घागऱ्यांचा घोस मायक्रोफोनला जवळजवळ टेकवून मनसोक्त वाजवला होता. घागऱ्यांच्या पिकलेल्या शेंगा हलवल्या की आतल्या बिया पैंजणासारख्या वाजतात. रेडिओसाठी याहून चांगले रानफळ देवाने निर्माण केलेले नाही, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

अर्जात कार्यक्रमाचा सारांश इंग्रजीत मागितला होता. कांगलांना इंग्रजीत काय म्हणतात हे शोधता शोधता माझी एक संध्याकाळ गेली आणि हाती लागले ते वनस्पतिशास्त्रातले नाव, ‘सेलास्ट्रस पॅनिक्युलॅटस’. ते काकींना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी हातातला विळा खाली ठेवून विचारले, “हें गणपतीक चलता?” त्यापुढचा रकाना ‘लक्ष्यगट’ असा होता. त्यात मी ‘गाव’ असे लिहिले. खरी पंचाईत झाली ती ‘कार्यक्रमाचा समाजावर झालेला परिणाम, पुराव्यासह’ या रकान्यात, कारण परिणाम झाला होता आणि तो भरपूर झाला होता. काकींनी बोलण्याच्या भरात घागऱ्यांची जागा सांगून टाकली होती, आणि प्रसारणानंतरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डोंगरउतारावर औषधालाही घागरी उरली नव्हती. श्रोत्यांच्या वर्तनात इतक्या तातडीने बदल घडवून आणणारे केंद्र देशात दुसरे असेल असे मला वाटत नाही, पण पुरावा म्हणून जोडायला काकींचा संताप तेवढा होता. घागऱ्या कोणी नेल्या हे त्यांना नावानिशी रेडिओवर सांगायचे होते. सामुदायिक रेडिओवर बातमी द्यायची तर आकाशवाणीची, आणि तीही जशीच्या तशी किंवा फार तर स्थानिक भाषेत अनुवाद करून, असा नियम आहे, हे मी त्यांना समजावले. प्रसारणाच्या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले, हेही सांगितले. “लहरी असतील,” काकी म्हणाल्या, “डोंगर माझा!”

तीन महिन्यांनी सहभागाचे प्रमाणपत्र आले आणि त्याच्यासोबत परीक्षकांचा शेरा आला: ‘शेवटी सतत खडखड. ध्वनिमुद्रणाकडे लक्ष द्यावे.’ तांत्रिक दर्जासाठी दहापैकी तीन गुण होते.

पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेने मला परीक्षक म्हणून बोलावले. माझी योग्यता कोणाच्या ध्यानात आली ते कळले नाही. बहुधा इंग्रजी सारांश बरा जमला असावा. एकूण एकेचाळीस प्रवेशिका होत्या, प्रत्येकी सुमारे अर्धा तास, म्हणजे कानाला हेडफोन लावून साडेवीस तासांची बैठक. त्यांतल्या निम्म्याअधिक कार्यक्रमांची सुरुवात कोंबड्याच्या आरवण्याने होत होती आणि त्यातला कोंबडा, मी शपथेवर सांगतो, सगळीकडे एकच होता. पत्नीने पहिल्या दिवशी चहा आणून दिला, दुसऱ्या दिवशी खुणेने विचारला आणि तिसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी मायक्रोफोनसमोर बोलल्यासारखी एकेक शब्द सुटा करून बोलू लागली.

मी मात्र मनाशी निश्चय केला होता की आपल्यावर झाला तो अन्याय आपण दुसऱ्यावर करायचा नाही. त्यामुळे एका कार्यक्रमात सुरुवातीपासून शेवटपर्यंत बारीक घरघर ऐकू आली, तेव्हा मी ताठ बसलो. भाषा मला समजत नव्हती, पण घरघरीत एक लय होती. ही पिठाची गिरणी असणार, गावातल्या बायका दळणाच्या रांगेत उभ्या राहून बोलत असणार, असे सारे चित्र माझ्यापुढे उभे राहिले आणि मी तांत्रिक दर्जासाठी दहापैकी दहा गुण दिले. परीक्षकांच्या ऑनलाइन बैठकीत तर मी या घरघरीवर सात मिनिटे बोललो; तिच्यातला परिसराचा श्वास, यंत्र आणि माणूस यांचे नाते, असे बरेच काही. माझे बोलणे संपल्यावर दुसऱ्या परीक्षकबाईंनी, ज्या व्यवसायाने ध्वनिमुद्रण अभियंता आहेत, त्या केंद्राने प्रवेशिकेसोबत जोडलेले पत्र शांतपणे वाचून दाखवले. ‘आमच्या स्टुडिओचे अर्थिंग बिघडल्यामुळे ध्वनिमुद्रणात घरघर आली आहे, त्याबद्दल क्षमस्व.’ मी दहाचे चार केले. तीन करण्याइतका माझा हात धजावला नाही.

यंदा पुन्हा माटोळीचा कार्यक्रम करायचा म्हणून मी भीत भीत काकींकडे गेलो, तर त्या लगेच तयार झाल्या. घागऱ्या वाजवणार नाही, एवढीच अट घातली, आणि जागा विचारल्यावर अजिबात आढेवेढे न घेता ओढ्यापलीकडच्या डोंगराची वाट, वळणे आणि मोठ्या दगडाच्या खुणेसकट सांगितली. त्या डोंगरावर घागऱ्या उगवत नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. कार्यक्रम चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात प्रसारित होईल. अर्ज भरून ठेवला आहे, परिणामाचा रकाना तेवढा कोरा आहे.