टाकी भंगारात काढण्याआधी जरा ऐका

सोसायटीच्या ग्रुपवर आज ठराव आलाय: बायोगॅसची टाकी भंगारात काढायची. कारण काय, तर वास येतो.

येणारच! गणपतीतल्या महाप्रसादाचा उरलेला भात आणि शिरा, पातेलीच्या पातेली, एका रात्रीत तिच्यात कुणी ओतला? हजार लिटरच्या टाकीला रोज पाचेक किलो ओलं खरकटं पुरतं, तेही बारीक करून, पाण्यात कालवून. एकदम एवढं पिष्ट आणि साखर पडली की आम्ल करणारे जिवाणू सुसाट सुटतात आणि मिथेन, म्हणजे शेगडीत जळणारा वायू, करणारे मागे पडतात. पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेसहाच्या खाली गेला की खेळ खलास. गॅस साठवणारा वरचा ड्रम वर आलेला दिसतो, पण आत बहुतेक कार्बन डायऑक्साइड, न जळणारा. शेगडी पेटतच नाही.

शेणाऐवजी पिष्टमय खरकट्यावर चालणारं हे घरगुती संयंत्र पुण्यातल्याच ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेत डॉ. आनंद कर्व्यांनी विकसित केलं. २००६ साली त्याला शाश्वत ऊर्जेसाठीचा आंतरराष्ट्रीय ॲशडेन पुरस्कार मिळाला. आणि आपण त्याची कचराकुंडी केली.

शिरा ओतणाऱ्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं म्हणा. असो. टाकी अजून सुधारेल. आठ-दहा दिवस खरकटं अजिबात घालू नका. दोन बादल्या ताजं शेण पाण्यात कालवून ओता. चुन्याची निवळी थोडी थोडी घाला, पीएचची पट्टी सातच्या आसपास आली की थांबा. निळी ज्योत टिकली की रोज अर्धा किलो खरकट्यापासून सुरुवात, मग हळूहळू वाढवा. लिंबू-संत्र्याची सालं नकोत, त्यांतलं तेल जिवाणूंना मारक असतं. कांद्याची टरफलं, अंड्याची कवचं, हाडंही नकोत.

ज्योत फडफडते ही तक्रार वेगळी. नळीत वाफेचं पाणी साठतं. सगळ्यात खालच्या वळणावर छोटा कॉक बसवा आणि दर आठवड्याला पाणी सोडा. शिवाय शेगडीला एलपीजीचंच जेट (गॅस सोडणारी भोकाची तोटी) आहे. या गॅसला दाब कमी, भोक मोठं लागतं.

हो, पाच किलो खरकट्यातून जेमतेम पाव किलो एलपीजीइतकं इंधन मिळतं. सिलिंडर बंद होणार नाही, मान्य. पण वॉचमनकाकांचा दिवसभराचा चहा त्याच शिऱ्याआधी याच गॅसवर होत होता ना?

ठरावाला माझा विरोध नोंदवा. आणि रविवारी गोठ्यावरून शेणाच्या बादल्या आणायच्यात, डिकीत ठेवू देणारा एक जण हवाय.